हरकरे स्केलप्रमाणे सुकरीचा डोळा

१४ मार्च १९५५, आरमोरी. सकाळी ६

आजपासून रोजनिशी. पाचला उठायचं ठरवलं होतं, सहा वाजले. पहिल्या दिवशी एवढं चालायचंच. ही वही कोणाला दाखवायची नाही. पण तारखा नीट हव्यात, कारण माझ्या हातून एक मोठं काम होण्याच्या बेतात आहे.

परवा चांद्याला गेलो होतो. तिथल्या डॉ. वैरागड्यांच्या दवाखान्यात मुखरू नावाचा एक पेशंट बसला होता, डोळा सुजून लाल. मी म्हणालो, माइल्ड. वैरागडे म्हणाले, सिव्हिअर. सिरोंच्याचे डॉ. मल्लय्या कामानिमित्त आले होते, ते म्हणाले, मॉडरेट. अख्ख्या जिल्ह्यात डोळ्यांचे डॉक्टर आम्ही तीनच आणि तिघांची तीन मतं. मुखरू आळीपाळीने आमच्या तोंडांकडे बघत होता. शेवटी म्हणाला, 'मंग मी जाऊ का राहू?'

तेव्हाच डोक्यात लख्ख उजेड पडला. शब्द नकोत, नंबर हवा. डोळ्याच्या लालीचे शून्य ते चार असे ग्रेड. शून्य म्हणजे निरोगी, चार म्हणजे भयंकर. सोबत रंगांचा तक्ता. तक्ता डोळ्याजवळ धरायचा, रंग जुळवायचा, नंबर लिहायचा. मतभेदाला जागाच नाही. नाव हरकरे स्केल. नाव मी मुद्दाम ठेवलं नाही, आपोआप सुचलं.

संकल्प: रोज पाचला उठणे, प्रबंधाची रोज दोन पानं, तंबाखू बंद.

१५ मार्च

प्रबंधाचं शीर्षक झालं. इंग्रजीत आहे, लांब आहे. उरलेली पावणेदोन पानं उद्याच्या दोनांत मिळवायची.

१९ मार्च

शाळेतले ड्रॉइंग मास्तर पत्रू यांनी तक्त्याच्या तीन प्रती करून दिल्या. माझी फार सुरेख आहे. दुसऱ्या प्रतीच्या मध्यावर लाल रंगाची वडी संपली, तेव्हा मास्तरांनी घरातलं कुंकू वापरलं. तिसरीत गेरू. फरक अगदी बारीक आहे. तिसऱ्या प्रतीतला चार थोडा विटेसारखा दिसतो, एवढंच. ती मल्लय्यांना पाठवली. सिरोंचा लांब आहे, तिथे चालेल.

२२ मार्च

आमची धर्मादाय संस्था दर महिन्याला दोन पेशंट नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवते. चिठ्ठीशिवाय तिथे खाट मिळत नाही. आजवर कोणाला पाठवायचं ते मी अंदाजाने ठरवत असे, म्हणजे बहुधा आमच्या नर्स गुणाबाईच ठरवत. मी संस्थेचे अध्यक्ष गुणवंतराव यांना पटवून दिलं की हे शास्त्रीय नाही. नवा नियम झाला. तीन किंवा त्यावर ग्रेड असेल तर बाहुली मोठी करून चिकटू न देणारे अट्रोपिनचे थेंब आणि नागपूर. दोन किंवा खाली, तर डोळा धुवायला बोरिकचं पाणी आणि घर. वाद झाल्यास तिन्ही डॉक्टरांची सरासरी. अट्रोपिनच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे.

गुणवंतराव खूश. गुणाबाई पट्ट्या गुंडाळत राहिल्या. त्या सोळा वर्षं इथे आहेत, नवीन गोष्ट पचायला वेळ लागणार.

२७ मार्च, रविवार

आज शून्य पक्का केला. स्केलचा पायाच तो. निरोगी माणसाचा डोळा नेमका किती लाल असतो हे आजवर कोणी मोजलेलं नाही. त्यासाठी बैलगाडीने कोसमटोल्याला गेलो, जंगलातलं गाव. गुणाबाई म्हणाल्या, 'शून्य पाह्याले इतक्या लांब काऊन जाता साहेब? आरशात पाहा ना.' त्यांना नमुना म्हणजे काय ते कळत नाही. शहरातल्या डोळ्यांना दिव्याची, वाचनाची सवय. अस्सल निरोगी डोळा जंगलातच मिळणार.

सूर्य उगवायच्या आधीच सगळं गाव मोहाच्या झाडांखाली. फुलं वेचायला जमीन मोकळी हवी म्हणून झाडांखालचा पाला जाळतात. सगळ्या रानात निळा धूर साचलेला. फार रम्य देखावा. माझे डोळे चुरचुरत होते, पहाटे उठल्यामुळे असेल.

बारा जण तपासले. डोळ्याची तक्रार एकाचीही नाही. त्यांच्या लालीची सरासरी काढली आणि तोच शून्य ठरवला. तक्त्यावरचा शून्य पांढरा होता, तो गुलाबी करून घेतला आणि पुढचे रंगही त्याच हिशेबाने एकेक पायरी गडद. बाकीच्या दोघांना पत्राने कळवलं, त्यांनीही तसंच करावं.

४ एप्रिल

कोसमटोल्याची एक बाई आली, सुकरी. वय तीसच्या आसपास. नवरा इसरू गाडीत घालून घेऊन आला, सतरा मैल. लहानपणी देवी आल्या तेव्हा उजवा डोळा गेला. आता डावा आठ दिवसांपासून लाल, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. पदराखालून एकाच डोळ्याने माझ्याकडे बघत होती. तरी बोलायला खमकी. मी कोण, कुठला, लग्न झालं का, सगळं विचारून घेतलं तिने.

तक्ता धरला. ग्रेड दोन. स्वच्छ दोन. बोरिकचं पाणी.

गुणाबाई म्हणाल्या, तिची बाहुली पाहा साहेब, गोल नाही राहिली, एका बाजूने ओढून राह्यली. अट्रोपिन आजच द्या लागते. मी सांगितलं की बाहुलीचा आकार हा या स्केलचा विषय नाही. स्केल लालीचं आहे. प्रत्येकाने आपापलं काहीतरी मध्ये आणलं तर पुन्हा मुखरूसारखं होईल.

सुकरीने विचारलं, किती नंबर. दोन सांगितलं. ती म्हणाली, 'इतका दुखून राह्यला अन् दोनच?'

हसू आलं. पेशंटला आपला आजार नेहमी मोठा वाटतो.

६ एप्रिल

साडेसातला उठलो. प्रबंध तीन पानं झाला, त्यातलं एक आभाराचं.

१८ एप्रिल

सुकरी पुन्हा. ती आठ दिवसांनीच यायची होती, पण मोहाचा हंगाम. इसरू म्हणाला, आता फुलं सोडली तर वर्षभर काय खायचं. त्याचं बरोबर आहे, पण उपचारात खंड पडला याची नोंद मी कार्डावर केली. उगाच स्केलवर ठपका नको.

ग्रेड दोन. मागच्यापेक्षा लाली वाढली असेल, पण दोनच्या घरात बसते. गुणाबाईंनी हट्ट धरला की दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. परवा आमच्या तिघांची मासिक बैठक इथेच आहे. म्हटलं, थांबवून घ्या. स्केलची परीक्षा होईल.

२० एप्रिल

परीक्षा झाली. वैरागडे: चार. मल्लय्या: एक. मी: दोन.

वैरागड्यांचा स्वभावच असा. त्यांच्याकडे खरचटलं तरी चार. मल्लय्या आपला विटकरी तक्ता धरून बसले होते. त्या विटेपुढे कोणाचाही डोळा फिक्का दिसणार. पण नियम म्हणजे नियम. सरासरी दोन पूर्णांक एक तृतीयांश. तीनच्या खाली. बोरिक.

दुपारी गुणाबाईंनी कपाटाची किल्ली मागितली. एक बाटली, फक्त एक, म्हणाल्या. कार्डावर लिहू नका म्हणाल्या. मी त्यांना शांतपणे समजावलं की असं एकदा केलं की आकडेवारीच बिघडते. त्या म्हणाल्या, 'तिले एकच डोळा आहे ना साहेब.' मी म्हणालो, स्केलमध्ये डोळे मोजत नाहीत.

बोलून गेलो. नंतर जरा वाईट वाटलं. शब्द चुकला, मुद्दा बरोबर होता.

२१ एप्रिल

तंबाखू पुन्हा सुरू. बैठकीचा ताण. पहिल्या मेपासून पक्की बंद.

२ मे

मतभेदाचं कारण सापडलं. सवय नाही. तिघांनी एकाच दिवशी, एकाच जागी, भरपूर डोळे पाहिले पाहिजेत. १५ तारखेला मोठी तपासणी ठेवली आहे. वीस पेशंट, तीन खोल्या, कोणी कोणाचा नंबर पाहायचा नाही. निकाल प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात. तिथे पोचलो नाही अजून, पण जागा सोडून ठेवली आहे.

१५ मे, रविवार

थोर दिवस. ऊन प्रचंड, पण सगळं शिस्तीत. पेशंट एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. सुकरीलाही बोलावलं होतं. गुणाबाई रांग लावत होत्या, एकदाही कुरकुर केली नाही. त्यांनाही शेवटी पटलेलं दिसतं.

संध्याकाळी वैरागडे म्हणाले, माझा हात आता तक्त्यावर बसला. मल्लय्या परतीची मोटर गाठायला आधीच निघाले होते.

१६ मे

मोजणी केली. वीसपैकी तीन डोळ्यांवर तिघांचं एकमत.

पुन्हा मोजलं. तीनच.

अर्थात दुसऱ्या बाजूनेही पाहता येतं. सतरांपैकी नऊ जणांत फरक फक्त एका नंबरचा आहे. एक नंबर म्हणजे काय, काहीच नाही.

१७ मे, दुपारी

गुणाबाईंनी आज सांगितलं. रविवारी त्यांनी पाच पेशंट माझ्याकडे दोनदा पाठवले. सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा, डोईचं लुगडं नाहीतर पागोटं बदलून, आणि दुसऱ्या वेळचे कागद बाजूला काढून ठेवले. मी ओळखलं नाही. मी माणसाकडे बघत नाही, डोळ्याकडे बघतो, हे माझ्या निष्ठेचंच लक्षण आहे.

पाचांपैकी चार जणांना मी दोन वेळी दोन नंबर दिले. सुकरीला सकाळी तीन, दुपारी एक.

दुपारी तिच्या आधी डोमा नावाचा एकजण येऊन गेला होता. डोळे नुकतेच आलेले, पळसाच्या फुलासारखे. त्याला चार दिला. त्याच्यामागून येणारा कोणीही फिक्का दिसला असता. यात माझा दोष नाही, डोमाचा आहे.

गुणाबाई समोर उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, 'सकाळचा तीन धरा ना साहेब. लिहून टाका.' एकदा वाटलं, धरावा. पण सकाळचा धरायचा आणि दुपारचा टाकायचा, हे कोणत्या शास्त्रात बसतं? तीन आणि एकची सरासरी काढली. दोन आली. एप्रिलमध्येही दोनच होता. म्हणजे सरासरीने पाहिलं तर स्केल स्थिर आहे.

या महिन्याच्या दोन खाटा डोमाला आणि त्याच्या भावाला दिल्या. दोघांनाही चार होते.

२६ मे

डोमा आणि भाऊ नागपूरहून परत आले. तिथे पोचेपर्यंत दोघांचेही डोळे आपोआप बरे झाले होते. तिथल्या डॉक्टरांनी जेवण घालून परत पाठवलं. डोमा म्हणाला, 'शहर पाहून झालं साहेब, बेस झालं.'

३ जून

प्रबंध मुंबईच्या एका मासिकाकडे रवाना. एकमताचा आकडा तळटीपेत घातला. आता फक्त वाट बघायची. सकाळी आठला उठलो, पण त्याचं आता काही वाटत नाही.

३० जून

विचित्र प्रकार. बाजाराला कोसमटोल्याची मंडळी आली होती. शून्याच्या नमुन्यातले सात जण भेटले. सहज डोळे पाहिले. सगळे शून्यापेक्षा पांढरे. तक्त्यावर त्यांना जागाच नाही. निरोगीपेक्षा निरोगी! शेवटी नवा ग्रेड काढला, उणे एक. सातही जण उणे एक. जगात कुठल्याच स्केलला उणे ग्रेड नसेल.

आनंदाने गुणाबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, 'मोहाच्या टायमाले धूर राह्यते ना साहेब. सारं गावच लाल डोळ्यानं हिंडते. आता कुठी आहे धूर?'

१ जुलै

झोप नाही लागली. धूर. म्हणजे माझा शून्य हा मुळात एक आहे. म्हणजे प्रत्येक कार्डावर एक मिळवायला हवा. म्हणजे सुकरीचा दोन हा तीन होतो. एप्रिलपासून तीन.

हे लिहिलं आणि थोडा वेळ वही मिटून बसलो. भीती वाटली. कोणाची, ते कळेना. या खोलीत मी एकटाच होतो.

१ जुलै, दुपारी

शांतपणे विचार केला. दोनशे चौदा कार्डं आहेत. एकाचं बदललं तर सगळ्यांची बदलावी लागतील. प्रबंध मुंबईत आहे. संपादकांना आता काय सांगणार, की शून्य चुकला? प्रबंध परत आला की दुरुस्ती करू, एकदाच आणि व्यवस्थित. तशीही सुकरी आता येऊ शकत नाही. कोसमटोल्याच्या वाटेवर दोन नाले आहेत, दोन्ही भरले. धुराचा मुद्दा विचाराधीन.

२ ऑगस्ट

सकाळी इसरू आला, एकटाच. एका नाल्यात गळ्याइतकं पाणी, दुसऱ्यापाशी दीड दिवस थांबावं लागलं. अंगावरचं धोतर ओलं. म्हणाला, ती येऊ शकत नाही. घरात अंधार करून पडली आहे. डोकं भिंतीवर आपटते. दवा द्या.

मी सांगितलं, डोळा पाहिल्याशिवाय ग्रेड नाही, ग्रेडशिवाय अट्रोपिन नाही. त्याला काही कळलं नाही. मग सुचलं म्हणून तक्ता त्याच्यापुढे धरला आणि विचारलं, बायकोचा डोळा यातल्या कशासारखा दिसतो? त्याने एक क्षणही घेतला नाही. चारवर बोट ठेवलं. मुद्दाम तक्ता उलटा फिरवला. पुन्हा चारवर. तक्ता दाराशी उजेडात नेला, कोपऱ्यात अंधारात नेला. चार, चार. मी म्हटलं, नीट बघून सांग. तो म्हणाला, 'रोजच पाहतो ना मी, साहेब. दुसरं काय पाहू?'

लिहून ठेवलं: अशिक्षित निरीक्षक, उत्तरं एकसारखी, बहुधा योगायोग.

गुणाबाई दारात उभ्या. किल्ली, म्हणाल्या. मीही मनातून तयार झालो होतो. देऊन टाकू, कार्डावर नंतर पाहू. किल्ली शोधली. टेबल, कपाट, पिशवी. सापडेना. इसरूला थांब म्हणालो. तो पाऊण तास बसला. मग आभाळ भरून आलं, नाल्याचं पाणी चढेल म्हणून उठला. गुणाबाईंनी त्याला बोरिकची पुडी दिली आणि डोळा गरम पाण्याने शेकायला सांगितलं.

संध्याकाळी ५

किल्ली कोटाच्या खिशात होती. कोट अंगात होता. चिखलातून धावत वेशीपर्यंत गेलो. कोणी नव्हतं. परत येताना लोकांनी विचारलं, डॉक्टरसाहेब, काऊन धावून राह्यले? म्हणालो, व्यायाम.

३ ऑगस्ट

कोसमटोल्याकडे जाणारं कोणी भेटलं की बाटली पाठवायची. ठरलं.

५ ऑगस्ट

कोणी भेटलं नाही. पाऊस.

८ ऑगस्ट

कोणी नाही. स्वतः जावं का? पण इथे दवाखाना कोणावर टाकायचा.

९ ऑगस्ट

गुणाबाईंनी चार दिवसांची रजा मागितली. बहिणीकडे जायचं आहे म्हणाल्या. त्यांना बहीण असल्याचं प्रथमच ऐकलं. दिली. संध्याकाळी पाहिलं तर कपाट उघडं आणि अट्रोपिनची एक बाटली कमी. किल्ली मी टेबलावर ठेवून जेवायला गेलो होतो.

रागावायला हवं होतं. रागावलो नाही. उलट बरं वाटलं. आज तंबाखूही कमी खाल्ला.

१४ ऑगस्ट

गुणाबाई परत आल्या. पाय सुजलेले. मी बहिणीची खुशाली विचारली. त्या खुर्चीत बसल्या, माझ्यासमोर कधी बसत नाहीत. म्हणाल्या, तीन दिवस थेंब घातले. 'बाहुली नाई उघडली साहेब. चिकटून गेली. एप्रिलात उघडली असती.'

मी म्हणालो, हे तुम्ही कशावरून म्हणता?

त्या पाय चोळायला लागल्या. सुकरीला आता समोरच्या माणसाची फक्त सावली कळते, असं सांगितलं. आणि तिने विचारलंय, त्या लग्न न झालेल्या साहेबाचा नंबर अजून दोनच आहे का.

१६ ऑगस्ट

फार झालं. आज कार्ड काढलं, दोन खोडला, तीन लिहिला. वैरागड्यांना पत्र टाकलं, सुकरीच्या नागपूरच्या चिठ्ठीसाठी तुमचा चार पुन्हा लेखी कळवा. माझा तीन, त्यांचा चार, मल्लय्यांचा काही का असेना. किमान दोन दिला तरी सरासरी तीन येते.

तीन लिहिल्यावर इतकं हलकं वाटलं की हे एप्रिलमध्येच का केलं नाही, हा प्रश्न मनात आला. तो बाजूला ठेवला.

२९ ऑगस्ट

वैरागड्यांचं उत्तर. मे महिन्याच्या तपासणीत त्यांचे सगळे नंबर जास्त निघाले, हे मीच त्यांना सविस्तर लिहून कळवलं होतं. ते त्यांनी मनाला लावून घेतलं आहे. 'आपल्या सूचनेनुसार मी चार देणे सोडले आहे. सदर पेशंटला आता दोन समजावे.'

मल्लय्यांचंही पत्र सोबतच. ते नेहमी कमी देतात असंही मीच कळवलं होतं. त्यांनी आपला एक वाढवून दोन केला आहे.

तीन, दोन, दोन. बेरीज सात. सरासरी पुन्हा दोन पूर्णांक एक तृतीयांश.

हा आकडा पाहिला आणि मोठ्याने हसलो. गुणाबाई आतून पाहायला आल्या.

१२ सप्टेंबर

मुंबईहून प्रबंध परत. 'साभार परत'च्या खाली संपादकांनी हाताने एकच ओळ लिहिली आहे: शून्य कसा ठरवला?

१३ सप्टेंबर

गुणवंतरावांकडे गेलो आणि सांगितलं की नियम रद्द करा, मी आता पूर्वीसारखा अंदाजाने पाठवतो. ते म्हणाले, डॉक्टरसाहेब, तुमच्याच शब्दावर केला ना नियम? नागपूरवाल्यांनाही कळवून झालं. डोमाच्या भानगडीनंतर ते आता तिघांच्या सह्यांशिवाय घेत नाहीत. तिघं एकत्र बसा, पेशंट समोर ठेवा, एकमताने लिहून द्या. लगेच पाठवू.

एकमताने.

४ ऑक्टोबर

तिघांची बैठक १० तारखेला ठरली.

९ ऑक्टोबर

मल्लय्या तापाने पडले. २५ तारीख.

२४ ऑक्टोबर

वैरागड्यांकडे लग्न. नोव्हेंबरात नक्की. आता नाल्यांचं पाणीही उतरलं आहे. इसरूला निरोप धाडला, तिला घेऊन ये, यावेळी नागपूरला पाठवतो, माझा शब्द. चिठ्ठी आजच लिहून ठेवली. फक्त नंबराची जागा कोरी आणि खाली तीन सह्यांच्या रेघा.

तंबाखू, उठणं वगैरे संकल्पांबद्दल आता लिहीत नाही. एवढी एक बाई नागपूरला पोचली की पुरे.

१९ नोव्हेंबर

उद्या बैठक. वैरागडे आणि मल्लय्या दोघंही मुक्कामाला आले. जेवताना मी त्यांना धुराचं सगळं सांगितलं. शरम वाटली, तरी सांगितलं. मल्लय्या म्हणाले, तीनही तक्ते फेकून द्या, सरळ डोळा पाहू. वैरागडे म्हणाले, उद्या मी चार देतो, काही झालं तरी देतो. मल्लय्या म्हणाले, मी पण. मग मीही म्हणालो. तीन डॉक्टर, न बघताच एकमत. आठ महिन्यांत प्रथमच छान झोप येईल असं वाटतं.

२० नोव्हेंबर, रविवार

सकाळी नऊला गाडी आली. इसरूने तिला हाताला धरून उतरवलं. डोळ्यावर पदर नव्हता. उजेडात सरळ तोंड करून चालत होती. मला वाटलं, अरे, दुखणं गेलं की काय. गुणाबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवून कंदिलाची चिमणी पुसायला घेतली.

खिडकीशी स्टुलावर बसवलं. आधी वैरागडे वाकले. बराच वेळ वाकून होते. मग मल्लय्या, टॉर्च आणि भिंग घेऊन. मग मी.

लाली नाही. जराही नाही. पाणी नाही, सूज नाही. पांढरा, कोरडा, शांत डोळा, आधीपेक्षा लहान झालेला. आत काही उरलेलं नाही. टॉर्च अगदी जवळ धरला तरी पापणी हलली नाही.

कागद आधीच वाटले होते. तिघांनी वेगवेगळ्या कोपऱ्यांत जाऊन लिहिलं. कोणीही चार लिहू शकलं नाही. उघडले. शून्य, शून्य, शून्य.

सुकरीने विचारलं, किती नंबर. मल्लय्यांच्या तोंडून निघून गेलं, शून्य. तिने इसरूचा हात दाबला. पहिल्या दिवसापासून तिला नंबरांचं चांगलं कळत होतं. चेहरा उजळला. म्हणाली, 'मंग बरा झाला ना! आता कवा दिसन, साहेब?'

वैरागडे चष्मा पुसायला लागले. मल्लय्या टॉर्च पिशवीत घालायला लागले. मी चिठ्ठीवरच्या तीन रेघांकडे बघत होतो. शेवटी गुणाबाईच तिच्यापाशी खाली बसल्या आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला सांगितलं, नाई दिसणार बाई.

इसरू उठला. ती उठली नाही. खिडकीकडे तोंड करून, हनुवटी वर धरून, तशीच बसून राहिली. म्हणाली, घाई नाही, अजून एकदा पाहा.

मी पुन्हा भिंग घेतलं आणि पुन्हा पाहिलं. शून्यच होता.